वाचणाऱ्या हातांचं ऋण

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते आणि त्यावरच माझं घर चालतं. ही विद्या मला सोलापुरात मिळाली, सात रस्त्याजवळच्या तांत्रिक लेखनाच्या एका छोट्या वर्गात. तिथल्या मॅडम आणि पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यातले एक जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे कारागीर, या दोघांची मी जन्माची ऋणी आहे. जॉबरना सगळे अण्णा म्हणत, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो.

व्याकरण आणि मांडणी शिकवण्याआधी मॅडम आम्हाला अण्णांच्या कारखान्यात घेऊन गेल्या. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. अण्णांची मातृभाषा तेलुगू. मराठी त्यांनी कामावर उचललेली. शेजारच्या मागावर कन्नड बोलणारा कामगार, पलीकडे उर्दू बोलणारा. आम्ही लिहिलेला कागद या सगळ्यांना सारखाच कळायला हवा होता.

मॅडमची परीक्षा साधी होती. कागद अण्णांच्या हाती द्यायचा आणि आपण गप्प उभं राहायचं. "पुस्तिकेबरोबर तुम्ही प्रत्येक कारखान्यात जाणार आहात का?" असं त्या विचारायच्या. अण्णा ओळीवर बोट ठेवून वाचत आणि लिहिलंय तेवढंच करत. त्यांचा हात जिथे थबकला, तिथलं वाक्य पुन्हा लिहायचं.

इशारा कृतीच्या आधी का हवा, हेही मला तिथेच उमगलं. 'तुटलेला धागा जोडा, मात्र त्यापूर्वी माग बंद करा' या वाक्यात वाचणाऱ्याचा हात अर्ध्यावरच मागाकडे जातो. म्हणून ते असं लिहायचं: 'माग बंद करा. मग तुटलेला धागा जोडा.' एका वाक्यात एकच काम सांगायचं आणि घडेल त्याच क्रमानं सांगायचं. एका भागाला पहिल्या पानावर जे नाव दिलं, तेच शेवटच्या पानापर्यंत ठेवायचं.

विमान उद्योगानं हेच नियम बांधून घेतले आहेत, हे मॅडमनीच सांगितलं. जगभरच्या विमानांची देखभाल करणाऱ्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. त्यांच्यासाठी युरोपातल्या विमान उद्योगानं 1986 मध्ये सोप्या इंग्रजीची नियमावली काढली. कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांपलीकडे जाऊ नये, असा तिचा दंडक आहे. मराठी उदाहरण म्हणून मॅडम कमलाबाई ओगल्यांची 1970 सालची 'रुचिरा' पुढे ठेवत. ज्यानं पदार्थ कधी केलेला नाही, त्यालाही तो करता यावा, या काळजीनं साहित्य, प्रमाण आणि कृती लिहिणं हे मॅडमच्या लेखी अस्सल तांत्रिक लेखन होतं.

या शिकवणीचं मोल मला 2017 साली पुरतं कळलं. यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणं होती. हातमोजे, मुखपट्टी अशी संरक्षक साधनं नसणं हे त्यांतलं मोठं. पण मी बाटल्यांवरची लेबलं पाहत बसले. विषाची तीव्रता लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या रंगांनी दाखवलेली असते आणि भोवती मुंगीएवढ्या अक्षरांत सूचनांची दाटी. उन्हात, पाठीवर पंप घेऊन उभ्या असलेल्या मजुराला त्यातलं काय वाचता येणार? तो मजूर डोळ्यांसमोर आणण्याची सवय मला मॅडमनी आणि अण्णांनी लावली.

अण्णांनी त्या तासांचा एक पैसाही घेतला नाही. काम थांबवून ते आमचे कागद वाचत राहिले, कारण पुढे कुणाचा तरी हात वाचेल, हे त्यांना ठाऊक होतं. असं ऋण ज्याचं त्याला परत करता येत नाही, ते पुढेच द्यावं लागतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी यंत्र चालवणाऱ्याशेजारी उभं करते. त्याचं काम नीट पाहून झालं, की मगच त्यांच्या हाती कोरा कागद देते.