घराचे देऊळ, देवळाचे घर

वास्तूलाही माणसासारख्या अवस्था असतात. गोठ्याची खोली होते, खोलीचे दुकान होते, दुकान चालले नाही तर तिथे शिकवणीचा वर्ग भरतो. आमच्या आळीतल्या एका घराने माझ्या देखत बालवाडी, पिठाची गिरणी आणि वाचनालय अशी तीन रूपे घेतली. कोणाची भुवईही वर गेली नाही. पण देवाच्या वास्तूत कोणी संसार थाटला, की आपले मन उंबरठ्यावरच थबकते. का थबकते, हे मात्र चटकन सांगता येत नाही. गेले वर्षभर या प्रश्नाने आमच्या घरी मुक्काम ठोकला होता, आणि तो सुटण्यावर एका बाळंतपणाची व्यवस्था अवलंबून होती.

झाले असे, की माझ्या भाचीने आणि जावईबापूंनी वेल्समधल्या एका खेड्यात घर घेतले. ते मुळात घर नव्हतेच, प्रार्थनामंदिर होते. वेल्स हा डोंगराळ, पावसाळी मुलूख. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शेतकऱ्यांनी आणि खाणकामगारांनी पदरचे पैसे घालून गावोगाव अशी प्रार्थनामंदिरे उभारली. त्यांना चॅपल म्हणतात. राजमान्य चर्चपासून वेगळे झालेले हे पंथ. त्यामुळे मूर्ती नाही, थाटमाट नाही. चार भिंती, उंच खिडक्या, लाकडी बाके आणि पोटभर गाणे. पुढे खाणी बंद पडल्या, तरुण मंडळी शहरांकडे गेली, आणि रविवारी बाकांवर माणसांपेक्षा धूळच अधिक बसू लागली. गळके छप्पर दुरुस्त करणे उरलेल्या दहावीस म्हाताऱ्यांना झेपेना. मग एकेक चॅपल विकायला निघाले. कुठे त्याचे गोदाम झाले, कुठे नाट्यगृह, कुठे बिऱ्हाड.

आमच्या भाचीचे हे बिऱ्हाड फोनच्या पडद्यावर आम्ही सर्वांनी पाहिले. छत इतके उंच, की घर उबदार ठेवणे खिशाला परवडेना. म्हणून त्यांनी मध्ये एक लाकडी तक्तपोशी घालून दोन मजले केले. त्यामुळे प्रत्येक उंच खिडकी निम्मी खाली आणि निम्मी वर अशी वाटली गेली आहे. खालच्या निम्म्या खिडकीशी स्वैपाकाचा ओटा, वरच्या निम्म्या खिडकीशी पलंग. जिथे उभे राहून उपदेशक गावाला पापपुण्य समजावीत, त्या जागी आता पुस्तकांचे कपाट आहे. दर्शनी भिंतीवर चॅपलचे नाव आणि साल कोरलेला दगड मात्र तसाच ठेवला आहे. आणि बाजूच्या हिरवळीवर, गवतातून डोके वर काढून, दहाबारा जुनी थडगी उभी आहेत. घर घेताना करारातच लिहिले आहे, की मृतांचे आप्त फुले घेऊन आले तर त्यांना वाट द्यायची.

भाचीला दिवस राहिल्याची बातमी आली, तेव्हा आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, डोळ्यांत पाणी आले. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळी यादी तोंडावर. पण "आई, तू केव्हा येतेस?" असे भाचीने विचारताच ती गप्प झाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "देवानं सोडलेल्या जागेत आपण कांदा चिरायचा? आणि अंगणात थडगी! तिथं बाळंतीण ठेवायची? मला नाही जमायचं बाबा. तिलाच इकडे बोलाव."

तिला बोलावणे शक्य नव्हते. प्रवासाला डॉक्टरांनी मनाई केली होती. आणि आक्काला समजावणे तर त्याहून अवघड. तिचा हट्ट नुसत्या भीतीचा असता, तर मी दोन विनोद करून तो मोडला असता. पण तो आदराचा होता. तो देव आपला नसेल. जागा तर देवाची होती ना? या प्रश्नावर विनोद चालत नाही. तेव्हा मी वाद सोडला, आणि एका रविवारी तिला घेऊन पवनारला निघालो.

पवनार आम्हा वर्धेकरांना नवे नाही. नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठी, टेकाडावर जमनालाल बजाजांचा एक बंगला होता. १९३८ साली विनोबा प्रकृती सुधारण्यासाठी तिथे राहायला आले. श्रीमंताचा विसाव्याचा बंगला तो. त्याचे नाव पडले परंधाम. विनोबांनी व्यायाम म्हणून आवारात खोदायला घेतले, तर जमिनीतून देवच निघू लागले! त्यांतच राम आणि भरत यांच्या भेटीचे शिल्प निघाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर बोलताना विनोबांनी याच भेटीचे चित्र मनाशी रंगवले होते, म्हणून त्यांना ते जणू घरी चालत आल्यासारखे वाटले. ही शिल्पे वाकाटकांच्या काळची, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी म्हणजे हेच पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही अभ्यासक नागपूरजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. राजधानी कुठली का असेना, या टेकाडावर एके काळी देवळाचे वैभव होते, ते मातीत गेले, त्या मातीवर एका शेठजींचा बंगला उभा राहिला, आणि बंगल्याचा पुन्हा आश्रम झाला. १९५९ साली विनोबांनी तिथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. १९८२ च्या दिवाळीत, १५ नोव्हेंबरला, विनोबांनी देह ठेवला तोही तिथेच.

आक्काने रामभरतांना नमस्कार केला आणि म्हणाली, "म्हणजे इथं आधी देव होते, मग माणसं आली, मग पुन्हा देव आले."

"आणि माणसं राहिली ती देवांच्या डोक्यावरच," मी म्हणालो. "कोणाचं काही वाईट झालं का?"

"तू वकिली नको करू," आक्का म्हणाली. पण आवाज जरा मऊ होता.

परतताना सेवाग्रामला गेलो. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबहेनची झोपडी. भिंतीवर मातीचेच ताड, मोर आणि चरखा तिने उठवले आहेत. पुढे त्या झोपडीत थोडी वाढ करून गांधीजी राहू लागले. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते दिल्लीला गेले, ते पुन्हा सेवाग्रामला आलेच नाहीत. आता आपण चपला काढून आत जातो, चटईकडे आणि काठीकडे हात जोडून पाहतो. राहते घर होते. त्याचे देऊळ झाले.

मला वाटले, हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. आक्का मात्र बराच वेळ सारवलेल्या जमिनीकडे पाहत राहिली. "किती नीट ठेवलंय सगळं," ती म्हणाली. "पण इथं कोणी निजत नाही, कोणाचं ताट वाढत नाही. घर होतं तेव्हा किती गडबड असेल रे!"

तिच्या त्या एका वाक्याने मला थांबवले. देवळाचे घर झाले म्हणून आपण हळहळतो. घराचे देऊळ झाले तर धन्य मानतो. पण त्या बढतीतही काहीतरी हरवते, हे माझ्या लक्षात आले नव्हते, ते तिच्या आले.

रात्री जेवताना मी तिला सीरियातल्या दुरा-युरोपोस या उद्ध्वस्त शहराची गोष्ट सांगितली. तिथे सुमारे १८०० वर्षांपूर्वीचे एक चर्च सापडले आहे. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी ते एक. आणि ते काय आहे? एक साधे राहते घर! मधे अंगण, भोवती खोल्या. दोन खोल्यांमधली भिंत पाडून प्रार्थनेसाठी मोठी जागा केलेली. पुढे शहरावर शत्रू चालून आला, तेव्हा तटाला बळकटी यावी म्हणून त्या घरात माती भरली, म्हणूनच भिंती आणि त्यांवरची चित्रे टिकली. ख्रिस्ताचे पहिले भक्त असे एकमेकांच्या घरीच जमत. वेगळी मंदिरे पुष्कळ नंतर आली. "म्हणजे आक्का," मी म्हणालो, "चर्च घरातूनच बाहेर पडलं. ते आता परत घरी आलं, इतकंच."

आक्काने ताकाची वाटी खाली ठेवली. "यासाठी तू सीरियापर्यंत गेलास? पंढरपूर जवळ नव्हतं? विठोबा आला तेव्हा पुंडलिक कुठं होता? घरीच ना? आईबापांचे पाय चेपत होता. वीट फेकून म्हणाला, थांब जरा, माझं काम होऊ दे. देव थांबला. पुंडलिकाच्या दाराशीच देऊळ झालं. आधी घरातली सेवा, मग देव. माझी पोर तिकडे एकटी आहे, आणि मी इथं बसून देवाचा मान पाहून राहिली!"

मी पुढे काही बोललो नाही. जिंकलेल्या वकिलाने गप्प बसावे, हे मला कळते; आणि इथे तर वकील तिचा तीच होती. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून पासपोर्ट काढला.

श्रावणात नात झाली. आक्का अजून तिकडेच आहे. यंदाची तिची दिवाळी तिथेच. थडग्यांची भीती पहिल्या आठवड्यातच गेली. गावातली एक म्हातारी बाई आईवडिलांच्या थडग्याला फुले घेऊन येते. तिचे लग्न याच चॅपलमध्ये लागले. आता जिथे स्वैपाकाचा ओटा आहे, साधारण तिथेच ती नवरी होऊन उभी होती. आक्का तिला चहा करून देते, आणि दोघी एकमेकींची भाषा न कळता तासभर बोलतात. म्हातारीने भाचीला सांगितले, की वर्षानुवर्षे या खिडक्या संध्याकाळी काळ्या दिसत. आता रस्त्यावरून जाताना उजेड दिसतो, बरे वाटते. गावाने आपले देऊळ परक्यांना विकले, अशी तिची तक्रार असणार, असे मी धरून चाललो होतो. तिला दुःख होते ते बंद दाराचे.

आक्काने वर्ध्याहून नेलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण भिंतीतल्या एका कोनाड्यात ठेवला आहे. पूर्वी तिथे भजनांची पुस्तके ठेवत. मी फोनवर विचारले, "काय आक्का, कोणाचं घर झालं म्हणायचं हे?"

"हळू बोल," ती म्हणाली, "आत्ताच निजली आहे."