रबरी नळीच्या अलीकडे

झिजलेले ब्रेक घरीच बदलावेत का, असे विचारले की दोन ठरलेली उत्तरे येतात. एक म्हणतो, त्यात काय, दोन बोल्ट तर काढायचे. दुसरा म्हणतो, जिवाशी खेळ नको. ब्रेक हाच माझ्या कामाचा विषय असल्यामुळे मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोघेही ब्रेकला एकच वस्तू समजतात. ब्रेकच्या कामाला एक स्पष्ट सीमा आहे आणि ती कॅलिपरला जोडलेल्या रबरी नळीपाशी आहे. नळीच्या अलीकडे, म्हणजे जिथे पॅड डिस्कवर घासतो तिथे, झालेली चूक बहुतेक वेळा अंगणातच कळते. नळीच्या पलीकडे, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये, झालेली चूक घाटात कळते. अलीकडचे काम गाडीमालकाने जरूर शिकावे, पलीकडचे हात न लावता सोडावे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या पाचोड गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. धुळे–सोलापूर रस्ता, पूर्वीचा 211 आणि आताचा 52 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, इथूनच जातो. त्यावर लांब पल्ल्याचे ट्रक धावतात, बाजारात मोसंबी आणणारे पिकअप येतात, हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या येतात आणि त्या न सांगता वळतात. हजार किलोच्या गाडीत ताशी 80 किलोमीटर वेगाला सुमारे 247 किलोजूल ऊर्जा असते, 40 च्या वेगाला 62. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. काही सेकंदांत या ऊर्जेची उष्णता होते आणि ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. म्हणून सर्वांत आधी झिजतात ते पुढचे पॅड, आणि सुदैवाने घरी बदलण्याजोगेही तेच आहेत.

ही झीज पायाला मात्र कळत नाही. कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते. ब्रेक दाबला की ते किंचित पिळवटते, सोडला की पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजत जातो तसा पिस्टन त्या कड्यातून पुढे सरकून नव्या जागी बसतो. त्यामुळे पॅड 10 मिलिमीटरचा असो की 3 मिलिमीटरचा, पेडल सारखेच लागते. खूण दिसते ती बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीत. पुढे गेलेल्या पिस्टनमागची जागा ऑइल भरून काढते आणि पातळी उतरते. पुष्कळजण ती पाहून वरून ऑइल ओततात आणि गाडीने दिलेली सूचना पुसून टाकतात. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच जादा ऑइल डबीतून उतू जाते आणि बॉनेटखालचा रंग खाते. डबी पाहून पॅड तपासायला चाक काढणारा मालक आणि डबी भरून मोकळा होणारा मालक, यांच्यातला फरक हाताच्या कौशल्याचा नाही. ब्रेक कसा चालतो हे एकाला ठाऊक आहे, एवढाच तो आहे.

गॅरेजवाल्याला हे ठाऊक नसते असे नाही. त्याच्यापाशी वेळ नसतो. एका कॅलिपरचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असेल, तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एखादी अडकली आहे असे बहुधा समजावे. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल रबरी टोपी फाटली की थेट त्या पिनेवर बसतो. ती बाहेर काढून, पुसून, योग्य ग्रीस लावून परत घालायला अर्धा तास जातो. रांगेत चार गाड्या उभ्या असताना तो अर्धा तास कुठून आणायचा? पॅड तेवढे बदलले जातात आणि नवा पॅडही तसाच एका बाजूने संपतो. घरी काम करणाऱ्याला हा वेळ काढता येतो. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचून ती मोजण्याइतकी सवडही त्यालाच असते.

माझ्या विभागणीवर एक आक्षेप रास्त आहे. सैल राहिलेला कॅलिपरचा बोल्ट अंगणात कळत नाही. हे मान्य. नळीवर लोंबकळत ठेवलेल्या कॅलिपरमुळे नळीला आतून गेलेली चीरही दिसत नाही. पण या दोन्ही चुका टाळण्याची रीत ठरलेली आहे: कॅलिपर तारेने टांगायचा, बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतका टॉर्क पान्याने आवळायचा आणि त्यावर रंगाची रेघ मारायची. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करायचे नाही, खाली स्टँड हवाच. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचे, कारण मागे ढकललेला पिस्टन पहिल्या दाबाला पॅडपर्यंत पोहोचत नाही. जो हे पाळणार नाही त्याने चाकालाही हात लावू नये.

काही जाणकार म्हणतात, पिस्टन ढकलताना हवा काढायचा निपल उघडावा, म्हणजे जुने ऑइल उलटे वर जाणार नाही. युक्तिवाद बरोबर आहे, पण निपल उघडला की सीमा ओलांडली. त्यापेक्षा डबीतले थोडे ऑइल पिचकारीने काढावे आणि पिस्टन सावकाश ढकलावा. डॉट 3 दर्जाचे कोरे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषते आणि पुरेसे ओलावले की ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. याच महामार्गाने उत्तरेला कन्नडचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरले, तर ऑइल उकळून त्यात वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही, आणि पेडल थेट तळाला जाते. नळीत राहिलेला हवेचा बुडबुडाही असाच दबतो. अंगणातल्या दहा मीटरच्या फेरीत याचा पत्ता लागत नाही. ऑइल बदलणे, हवा काढणे, मास्टर सिलिंडर ही कामे म्हणूनच मेकॅनिकची. त्याची मजुरी बुडते असे म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन की जिथे त्याच्या अनुभवाला खरी किंमत आहे ते काम त्याच्याकडेच राहते, आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला ग्राहकाने यावे अशी गरज कायम असते.

मागच्या ड्रमचे लायनर मी नवशिक्याला सांगणार नाही. तिथे स्प्रिंगा, हँडब्रेकची तार आणि जुळवणी यांची गुंतागुंत आहे, शिवाय साठलेली भुकटी फुंकून उडवायची नसते. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचा पिस्टन मोटरने चालतो, तोही वर्ज्य. पुढचे पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत, पहिले काही किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक लावत चालवावे, आणि उतरवलेल्या जुन्या पॅडच्या पाठीवर तारीख, किलोमीटर व चाकाची बाजू लिहून ते जपून ठेवावेत. पुढच्या खेपेला ते शेजारी मांडले की कोणती पिन पुन्हा अडकते आहे ते दिसेल.