‘आवड/छंद’ नावाचा रकाना

काल दुपारी एक पालक दाखला मागायला आले. मुलगा तिसरीत. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आता आमच्या वस्तीपर्यंत येते, तिच्यात त्याला बसवायचं ठरलंय. म्हणाले, "सर, राग मानू नका. पण तिसरं वर्ष लागलं, पोरगं एक वाक्य इंग्रजी बोलंना."

राग कशाला मानू? निदान जूनपर्यंत तरी तो खरंच बोलत नव्हता. (पोस्ट थोडी मोठी आहे, सवडीने वाचा.)

आमची शाळा माणदेशातली, द्विशिक्षकी. चार वर्ग, दोन शिक्षक. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे आज आमच्याकडे येणारे काही तरुण पालक स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. त्यातल्या कितीजणांना बोलता येतं, ते त्यांनाच विचारा. कॅट म्हणजे मांजर, स्पेलिंग पाच वेळा लिहा. मीही बरीच वर्षं हेच केलं.

शिक्षक मित्रांना एक कबुली देतो, वाईट वाटून घेऊ नका. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे ‘आवड/छंद’ असा रकाना आहे. कल्पना किती चांगली! मूल कशात रमतं ते बघा, लिहा, त्यावरून शिकवा. आपण काय करतो? सत्र संपत आलं की ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते. चित्र काढतो, गोष्टी ऐकतो, खेळात भाग घेतो. उतरवून काढलं की काम झालं. या मुलाच्या रकान्यात मी लागोपाठ दोन वर्षं ‘खेळणे’ लिहिलंय. अक्षर माझंच आहे, नाकारता येणार नाही.

हा मुलगा मेंढपाळाच्या घरचा. पावसाळा सरला की आईवडील मेंढरं घेऊन बाहेर पडतात, तो आजीजवळ राहतो. जूनमध्ये वर्गात काळ्या मेंढीचं ते सगळ्यांना माहीत असलेलं इंग्रजी गाणं घेतलं. मेंढीकडं तीन पोती लोकर आहे म्हटल्यावर हा खो-खो हसायला लागला. "एका मेंढीची तीन पोती? सर, एका घोंगड्याला किती मेंढरं कातरावी लागतात, म्हाईत हाय का?" मला माहीत नव्हतं. मग पुढचा तास त्यानेच घेतला. मी फक्त मध्ये मध्ये इंग्रजी शब्द पुरवत गेलो.

तिथून सुरुवात झाली. मैदानावर पोरं मेंढरं झाली, हा मेंढका. स्टॉप, टर्न लेफ्ट, कम बॅक, डोन्ट रन. आज्ञा चुकली की मेंढरू चुकतं, म्हणजे अर्थ कळला की नाही हे परीक्षा न घेता समोर दिसतं. मोजायची वेळ आली तर गडी आजोबांसारखा इसावर मोजतो. तीन ईसा म्हणजे साठ. मी म्हटलं, ईस म्हणजे ट्वेंटी. फळ्यावर वीस-वीस मेंढ्यांचे गट काढले. ट्वेंटी, फॉर्टी, सिक्स्टी त्याने दोन दिवसांत उचललं. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणितातल्या ‘वीस एक’वरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? ट्वेंटी वन म्हणजे वेगळं काय?)

डी.एड.ला हॉवर्ड गार्डनर पाठ केला होता. १९८३चं पुस्तक, बुद्धिमत्तेचे सात प्रकार. मार्कही बरे पडले होते. निसर्ग ओळखण्याची बुद्धी त्यांनी त्या यादीत नंतर जोडली. माझ्या वर्गात ती दोन वर्षं तिसऱ्या रांगेत बसून होती.

पण यात मी एक मोठी चूकही केली. चौथीतली एक मुलगी चित्रं फार सुंदर काढते. मी खूश. ॲपल आला की काढ ॲपल, माय हाऊस आलं की काढ घर. दोन महिने तिने इंग्रजीच्या तासाला फक्त चित्रं काढली आणि मी भिंतीवर लावली. एक दिवस तिची आई म्हणाली, "सर, चित्र ती घरी पण काढते की. वाचायचं कधी?" कान पकडले. मी ‘ढ’चा शिक्का काढून ‘चित्रकार’चा शिक्का मारला होता, एवढंच. आता चित्राखाली चार वाक्यं लिहायची आणि ती शेजारणीने वाचून दाखवायची. वाचता आली नाहीत तर दोघी माझ्याकडे येतात. ती अजून अडखळते. वेळ लागणार आहे.

तर काल. वडिलांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा. मुलाला मैदानावर खेळ घ्यायला सांगितलं. पोरं पळाली, थांबली, वळली. वडील हसले, मग एकदम गप्प झाले.

"सर, याला मेंढरातनं बाहेर काढायचं म्हणून शाळेत घातला. तुम्ही शाळेतबी मेंढरंच आणली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रशिक्षणात हा प्रश्न कोणी काढलेला नाही. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मला वाटत नाही. ज्याला तो धंदा चुकत नाही, त्याला त्याचं कौतुक कसं वाटेल?

मी मुलाची वही उघडून दिली. धिस इज माय शीप. शी इज ब्लॅक. शी इज हंग्री. अशी आठ वाक्यं, स्पेलिंगच्या तीन चुका. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. ते म्हणाले, काय लिहिलंय? मुलाने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मराठीत सांगितली. वडिलांनी वही बराच वेळ हातात धरली. मग त्यालाच विचारलं, "आन् गाभण मेंढीला काय म्हणत्यात?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मलाही पटकन सुचेना. मोबाईल काढला, तिघांनी मिळून शोधलं, त्याने ते वहीत लिहून घेतलं.

दाखल्याचा अर्ज टेबलाच्या खणात आहे. "दिवाळीनंतर आम्ही वाड्यावर जाणार, त्याच्या आत बघू," म्हणून गेलेत.