निर्वाणा बुद्रुक, निर्वाणा खुर्द

फोनला सांगून बघा, 'निर्वाणा लाव'. दोन सेकंदांत ती चार कॉर्डची ओळखीची गिटार सुरू होईल, मागून ड्रम्स येतील आणि कर्ट कोबेन गायला लागेल. फोनच्या लेखी विषय संपला. त्याला एकदाही विचारावंसं वाटत नाही, की बाबा रे, कुठला निर्वाणा?

कारण निर्वाणा दोन आहेत. खरं तर दोनाहून जास्त आहेत, पण ही गोष्ट दोघांची आहे. एक अमेरिकेतला, वॉशिंग्टन राज्यातल्या अॅबरडीन गावात १९८७ मध्ये सुरू झालेला. दुसरा लंडनचा, त्याच्याही वीस वर्षं आधीचा. गंमत अशी की त्या आधीच्या निर्वाणाला शोधायचं असेल तर नावापुढे 'यूके' किंवा 'सिक्स्टीज' असं काहीतरी टाइप करावं लागतं. ज्यांनी नाव आधी घेतलं त्यांच्या नावाला शेपूट, आणि ज्यांनी वीस वर्षांनी घेतलं ते बिनशेपटीचे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मजा वाटली होती. आता तितकी वाटत नाही. का, ते पुढे सांगतो.

लंडनचा निर्वाणा म्हणजे मुख्यतः दोन माणसं. आयर्लंडचा पॅट्रिक कॅम्पबेल-लायन्स आणि ग्रीसचा अॅलेक्स स्पिरोपुलोस. दोघेही परक्या शहरात नशीब काढायला आलेले. १९६७ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने त्यांचा पहिला अल्बम काढला, 'द स्टोरी ऑफ सायमन सिमोपाथ'. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगणारा अल्बम ही कल्पना तेव्हा रॉकमध्ये अगदी नवी होती. पुढच्या वर्षी त्यांचं 'रेनबो चेसर' आलं. या गाण्यात फेजिंगचा, म्हणजे आवाज गोल फिरत जवळ येतोय आणि लांब जातोय असं वाटायला लावणाऱ्या तंत्राचा, सढळ हाताने वापर आहे. इअरफोन लावून ऐका, डोकं गरगरतं. ब्रिटनच्या यादीत ते ३४ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. बँडचा आणखी एक किस्सा प्रसिद्ध आहे. फ्रेंच टीव्हीवर ते हे गाणं सादर करत असताना चित्रकार साल्वादोर दालीने त्यांच्या अंगावर काळा रंग उडवला होता. म्हणजे अगदीच कुणी नसलेली ही माणसं नव्हती. मोठीही झाली नाहीत, एवढंच.

साठच्या दशकात लंडनमध्ये असं नाव सुचणं साहजिक होतं. पूर्वेकडचं सगळंच तेव्हा तिथे फॅशनमध्ये होतं. आपल्याला हा शब्द परका नाही. सहा डिसेंबर म्हटलं की महापरिनिर्वाण दिन आणि चैत्यभूमीकडे जाणारी रांग डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थ विझणं, शांत होणं. 'मी', 'माझं' या सगळ्याची धग निवणं. असा शब्द आपल्या मालकीचा आहे म्हणून पुढे कुणीतरी कोर्टात जाणार होतं, हे बुद्धाला कळलं असतं तर त्याला हसू आलं असतं बहुतेक.

आता अमेरिकेतल्या निर्वाणाकडे. या पोरांनी नावं बदलण्याचा सपाटाच लावला होता. पेन कॅप च्यू, ब्लिस, टेड एड फ्रेड अशी नावं त्यांनी वापरून टाकली. त्यातलं एक होतं 'स्किड रो'. हे नाव डब्लिनमधल्या एका बँडने साठच्या दशकातच घेतलं होतं. पुढे मोठे झालेले फिल लायनॉट आणि गॅरी मूर त्याच बँडमधले. आणि न्यू जर्सीतही १९८६ पासून याच नावाचा एक मेटल बँड होता, जो लवकरच प्रचंड गाजणार होता. म्हणजे कोबेन आणि मंडळी एका वापरलेल्या नावातून निघाली आणि दुसऱ्या वापरलेल्या नावात जाऊन बसली. यात त्यांची लबाडी नव्हती. अॅबरडीनसारख्या लाकूड कापणाऱ्या गावातल्या विशीतल्या पोराला लंडनच्या एका विसरल्या गेलेल्या जोडगोळीचं नाव कळणार कुठून? इंटरनेट नव्हतं. गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात जे मिळेल तेवढंच जग.

त्या काळी दोन निर्वाणा शांतपणे नांदू शकत होते, कारण मधे महासागर होता आणि दुकानांची फडताळं वेगवेगळी होती. भांडण लागलं ते 'नेव्हरमाइंड'नंतर. सप्टेंबर १९९१ मध्ये तो अल्बम आला आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आता महासागर पुरेना. लंडनच्या जोडीने १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, अटी जाहीर झाल्या नाहीत. निकाल मात्र सगळ्यांना दिसतो. दोघांनीही हेच नाव वापरायचं, कुणी कुणाला अडवायचं नाही.

कागदावर बरोबरी झाली. कानावर नाही.

अशी प्रकरणं शोधत गेलो तर यादी थांबेना. ब्रिटनचा 'द शार्लटन्स' नव्वदच्या सुमारास अमेरिकेत गेला, तर तिथे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्याच नावाचा १९६४ चा बँड निघाला. मग अमेरिकेपुरते ते 'शार्लटन्स यूके' झाले. लंडनचा 'स्वेड' १९९३ मध्ये पहिल्याच अल्बमला मर्क्युरी पुरस्कार घेऊन अमेरिकेत उतरला, पण तिथे स्वेड या नावाने गाणारी एक गायिका आधीपासून होती. ती काही स्टार नव्हती, छोट्या छोट्या ठिकाणी गाणारी बाई. पण नावावर तिचा आधीचा हक्क होता आणि तो तिने सोडला नाही. मोठ्या कंपनीच्या गाजलेल्या बँडला अमेरिकेत 'द लंडन स्वेड' म्हणून रेकॉर्ड विकाव्या लागल्या. कॅलिफोर्नियाच्या 'ब्लिंक'ला आयर्लंडमधल्या ब्लिंकने हटकलं, तेव्हा पोरांनी मागे १८२ हा आकडा चिकटवला. आज हा आकडाच त्यांची ओळख आहे.

आणि 'वन डायरेक्शन'! आमच्या पिढीतल्या निम्म्या वर्गाच्या वह्यांवर ज्यांचे स्टिकर होते, त्यांच्या नावाचा एक बँड कॅलिफोर्नियात त्यांच्या आधीपासून होता. त्यांनी २०१२ मध्ये दावा लावला. त्याच वर्षी तडजोड झाली आणि नाव बदललं ते कॅलिफोर्नियावाल्यांनी. ते 'अनचार्टेड शोअर्स' झाले. आधीचे असून.

यामागचा कायदा तसा सोपा आहे. ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. ब्रिटनमध्ये नाव तुमचं म्हणून अमेरिकेत तुमचं होत नाही, आणि अमेरिकेत नोंदणीइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व प्रत्यक्ष वापराला आहे. स्वेड बाईंचं जमलं, कारण त्या ज्या देशात गात होत्या तिथेच भांडल्या. म्हणजे छोटा माणूस जिंकू शकतो. फक्त कुंपण असायला हवं.

हे सगळं वाचताना मला आपल्याकडची गावं आठवत होती. पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द. कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आले. बुजुर्ग म्हणजे थोरला, त्याचं झालं बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटा. शेजारी शेजारी एकाच नावाची दोन गावं, एकाला थोरलं म्हटलं, दुसऱ्याला धाकटं. मला या पद्धतीत आवडतं ते हे, की शेपूट दोघांनाही आहे. नुसतं 'कोंढवा' होऊन बसायची मुभा कुणालाच नाही, निदान सातबाऱ्यावर तरी नाही.

संगीतात याचं एकच छान उदाहरण मला सापडलं. बर्मिंगहॅमचा 'द बीट' आणि अमेरिकेतला 'द बीट'. ब्रिटिश बँड अमेरिकेत 'द इंग्लिश बीट' झाला आणि अमेरिकन बँड 'पॉल कॉलिन्स बीट' झाला. दोघांनी एकेक शब्द वाढवला. बुद्रुक आणि खुर्द.

माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात डीबीएमएस शिकवतात तेव्हा पहिल्या आठवड्यातच सांगतात, की नावाला प्रायमरी की करायचं नाही. नाव बदलतं, नाव चुकीचं लिहिलं जातं, आणि एका नावाची दोन माणसं असतात. म्हणून प्रत्येक नोंदीला एक वेगळा, कधी न बदलणारा क्रमांक द्यायचा. संगीताच्या जगालाही हे माहीत आहे. 'म्युझिकब्रेन्झ' नावाचा एक खुला संगीतकोश आहे. त्यात प्रत्येक कलाकाराला ३६ चिन्हांचा स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो आणि सारख्या नावांपुढे माणसांना कळेल अशी बारीक टीप असते. कोण कुठला, कुठल्या काळातला. 'डिस्कॉग्ज'वर सारख्या नावांपुढे कंसात २, ३, ४ असे आकडे लागतात. पण तिथे बिनआकड्याचा मान बँडच्या वयावरून मिळत नाही, ज्याची नोंद आधी झाली त्याला मिळतो. 'लास्ट एफएम'ने तर वर्षानुवर्षं एका नावाच्या सगळ्यांना एकाच पानावर कोंबलं.

म्हणजे 'आधी कोण' या साध्या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. जो आधी जन्मला तो. ज्याची नोंद आधी झाली तो. आणि ज्याला जास्त लोक ऐकतात तो, कारण शोधात तोच वर येतो. फोन तिसरं उत्तर देतो आणि ते उत्तर आहे हे आपल्याला कळूही देत नाही.

मजा वाटेनाशी झाली ती इथे. माझ्या एका मित्राचा पुण्यात बँड आहे. मराठीत गातात, स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करतात. नाव म्हणून त्यांनी तीन अक्षरी संस्कृत शब्द घेतला. आपल्याला वाटतं संस्कृत शब्द म्हणजे आपल्या घरचा माल, दुसरं कोण घेणार? पण निर्वाणापासून हेच तर चाललंय. योगाच्या क्लासला लागणारं संगीत असो, युरोपातला मेटल असो, सगळ्यांनी ते शब्द कधीच उचललेत. मित्राचं पहिलं गाणं अॅपवर चढलं ते उत्तर युरोपातल्या एका मेटल बँडच्या पानावर. कवितेसारखं हळुवार मराठी गाणं, वर कवट्यांचं चित्र. खाली तिथल्या चाहत्यांचे गोंधळलेले प्रश्न. इकडे घरचे, मित्रमंडळी शोधतायत आणि त्यांना कवट्या दिसतायत. ईमेल पाठवून पाठवून गाणं वेगळ्या पानावर यायला सात आठवडे गेले. नव्या गाण्याला ऐकणारे मिळायचे तर ते पहिल्या दोन आठवड्यांतच मिळतात. ते गेले.

कंपनीकडून आलेल्या एका ईमेलमध्ये सल्ला होता, नाव थोडं वेगळं करून बघा. मित्राने मला विचारलं, "तुमच्याकडे आयडी असतो ना प्रत्येकाला? मग मी का नाव बदलू?" प्रश्न बरोबर होता. आयडी असतो. पण गाणं चढवताना कुणीतरी तो विचारावा लागतो, आणि विचारण्यापेक्षा नाव जुळवून टाकणं स्वस्त पडतं. नाव जुळवलं की नव्याण्णव वेळा बरोबर निघतं. शंभरावा नेहमी लहानच असतो.

शेवटी त्यांनी नाव तेच ठेवलं आणि पुढे 'पुणे' जोडलं. मला वाईट वाटलं. त्याला तितकं वाटलं नाही. म्हणाला, "असू दे रे, गावाचं नाव लागलंय, कुणाच्या बापाचं नाही." कॅनडाच्या 'बुश'ची गोष्ट मी त्याला सांगितली. सत्तरच्या दशकातल्या या बँडचा गिटारवादक डॉमेनिक ट्रोयानो. त्याच्यामुळे लंडनच्या बुशला कॅनडात 'बुश एक्स' व्हावं लागलं होतं. १९९७ मध्ये त्याने एक्स काढायला परवानगी दिली. बदल्यात त्या बँडने दोन सेवाभावी संस्थांना देणगी द्यायची, त्यातली एक संगीतोपचारासाठी काम करणारी. म्हणजे दोघं माणसं समोरासमोर आली की असंही होतं. अडचण ही, की आता समोर बहुतेक वेळा माणूस नसतोच.

आता परत लंडनच्या निर्वाणाकडे, कारण त्यांची गोष्ट दाव्याने संपली नाही. १९९६ मध्ये त्यांचा 'ऑरेंज अँड ब्लू' नावाचा अल्बम आला. कोबेन जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या अल्बममध्ये त्यांनी 'लिथियम' गायलं. कोबेनचं 'लिथियम'. ज्यांच्यावर दावा लावला होता त्यांचं गाणं त्यांनी आपल्या मऊ, साठच्या दशकातल्या आवाजात गायलं.

डेटाबेसवाल्याच्या नजरेने बघा. कलाकार : निर्वाणा. गाणं : लिथियम. दोन्ही नोंदींत दोन्ही रकाने तंतोतंत सारखे. नावावर विसंबणारं कुठलंही यंत्र या दोन नोंदी एक समजून त्यातली एक पुसून टाकेल, आणि कुठली पुसेल ते सांगायला नको.

माणूस मात्र दोन्ही ऐकू शकतो. दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. फक्त शोधताना शेपूट लावायला विसरू नका.