सुरतेत ऊन विकत मिळते

आपल्याला सुरत पहिल्यांदा भेटते ती इतिहासाच्या पुस्तकात. १६६४ आणि १६७०, शिवाजी महाराजांनी दोनदा लुटलेले मोगलांचे श्रीमंत बंदर. त्यानंतर भेटते ती साडीच्या दुकानात. मला मात्र लहानपणापासून सुरत म्हणजे थोरल्या मावशीचे गाव. यंदा दसऱ्याच्या सुट्टीत आईला घेऊन मी तिथे जाऊन आले. बेळगावहून अजमेरला जाणारी गाडी मिरज, पुणे, कल्याण करत थेट सुरतेला सोडते. गाडी बदलायची कटकट नाही, म्हणून आई तयार झाली.

आई आणि मावशी यांची आई गोकाककडची. त्यामुळे वडिलांशी मराठी आणि आईशी कन्नड अशीच दोघींची वाढ झाली. आपल्या वाचकांना यात नवे काही नाही. मावशीचे यजमान इचलकरंजीला मागावर जॉबर होते. १९८६ साली ते सुरतेला गेले आणि त्यांच्या मागून मावशीही. निघताना आईने तिला पूर्ण बाह्यांचे मरून रंगाचे स्वेटर विणून दिले होते. 'नदीकाठचं गाव, गार असणार,' हा आईचा हिशेब. बेळगावच्या पावसात वाढलेल्या बाईला दुसरे काय सुचणार? सुरतेला तापी आहे खरी, पण स्वेटर घालावे अशी थंडी जेमतेम चार दिवस. ते स्वेटर ट्रंकेत गेले ते गेलेच.

मावशी आता उधन्याला राहते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली माणसे इतकी आहेत की भाजीवालीशी अहिराणीतून घासाघीस चालते. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, तेलुगू आणि ओडिया माध्यमांच्याही आहेत. दिवाळी तोंडावर आलेली, त्यामुळे मागांची धडधड रात्रीसुद्धा थांबत नव्हती. पॉलिस्टरचा धागा इथेच फुलवतात, इथेच विणतात, इथेच रंगवून छापतात आणि रिंग रोडच्या बाजारांतून गाठोडी देशभर जातात. येवल्याच्या पैठणीत किंवा कांचीपुरमच्या काठात जी जर चमकते, तीही बरेचदा सुरतेचीच. थोडक्यात, या गावात धागा म्हणजे पोट.

दुसऱ्या दिवशी मावशी आम्हाला चौटा बाजारात घेऊन गेली. भागळजवळचा हा बाजार म्हणजे आपल्या गणपत गल्लीची थोरली बहीण. लेस, फिती, बटणे, बांगड्या आणि पाय ठेवायला जागा नाही. एका चिंचोळ्या दुकानापुढे थांबून मावशी म्हणाली, "भाई, ऊन बतावो ने."

ऑक्टोबरची दुपार. आईने पदराने मान पुसली आणि म्हणाली, "अक्का, आणि ऊन कशाला गं? डोक्यावर हाय ते कमी पडतंय होय?"

गुजरातीत ऊन म्हणजे लोकर. मी आईला म्हटले, कन्नडमध्ये आठव, उण्णे. "उण्णे! मग तसं सांग की." संस्कृतातल्या ऊर्णेची ही दोन लेकरे, एक गुजरातेत आणि एक कर्नाटकात. मराठी मधल्या मध्ये लोकर म्हणत बसली आणि ऊन हा शब्द तिने सूर्याला देऊन टाकला. गंमत अशी की त्या दुकानातल्या ऊनमध्ये मेंढीचा केससुद्धा नव्हता, सगळे गुंडे ॲक्रिलिकचे. आपल्याकडची घोंगडी हाताला टोचते, पण मेंढीची ओळख सांगते. असो. मावशीने तीन गुंडे घेतले. भाव केला नाही, याचेच आईला आश्चर्य वाटले.

ते आश्चर्य समजायला मावशीची आधीची वीस-बावीस वर्षे माहीत हवीत. तिने घरी 'धागा कटिंग' केले. मशीनवर साडी भरली जाते तेव्हा एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जाताना मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते कात्रीने कापून साडी साफ करायची. माणूस गठ्ठा आणून टाकतो आणि संध्याकाळी मोजून घेऊन जातो. पैसे नगावर. कात्री चुकून कापडात गेली तर त्या साडीचे पैसे मजुरीतून कापले जायचे. कुणी टिकल्या चिकटवते, कुणी खडे, कुणी लेस लावते. या गल्ल्यांमधून दुपारी फिरलात तर दारोदार बायकांच्या मांडीवर नव्याकोऱ्या साड्या दिसतात. त्या नेसण्यासाठी नसतात. मावशीच्या उजव्या अंगठ्याला कात्रीने पाडलेला घट्टा अजून आहे.

या कामाला 'फावल्या वेळचे काम' म्हणायची पद्धत आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे क्रोशाची लेस एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणली. पुढे ती परदेशात विकली जाऊ लागली, व्यापार वाढला, पण विणणारीला कामगार म्हणायला कुणी तयार नव्हते. ती आपली गृहिणी, रिकाम्या वेळात हात चालवणारी. मावशीशी बोलताना ते पुस्तक सारखे आठवत होते. तिचा रिकामा वेळ नेमका कोणता होता? मुले झोपल्यावर, चाळीस वॉटच्या दिव्याखाली?

चार वर्षांपूर्वी तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि मुलाने कटिंग बंद करायला लावले. पंधरा दिवस बरे वाटले म्हणे. मग हात शिवशिवू लागले. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बा म्हणतात. दुपारी त्यांच्या ओटल्यावर पाच-सहा बायका बसतात. बांनी मावशीच्या हातात अंकोडी दिली. अंकोडी म्हणजे आपली क्रोशाची सुई. वय तेव्हा चौसष्ट. साखळी, मुका खांब, खांब, सगळे ती गुजराती नावांनी शिकली. आई ते ऐकून मराठीत सांगायची आणि मावशी म्हणायची, "असं होय, त्याला हे म्हणतात होय!" शिकवणी थोरलीची चाललेली आणि परीक्षा घेणारी धाकटी.

ओटल्यावर काय विणतात? तोरणे, रुमाल, मोबाइलच्या पिशव्या आणि मुख्य म्हणजे ठाकोरजींचे वाघे. वैष्णव घरांत बाळकृष्णाला थंडीत उबदार कपडे घालतात. मी पाहिले ते स्वेटर माझ्या तळहातापेक्षा लहान होते, बाह्यांसकट. सुरतेत माणसांना स्वेटर लागत नाही, देवाला लागते. हे ऐकून आई खूश झाली. ती स्वतः आता सुया धरत नाही, बोटांचे सांधे आखडले आहेत. पण फुलवाती वळते आणि देवाची कापसाची वस्त्रे करते, आपल्या सीमाभागात ज्याला अर्धी घरे गेज्जेवस्त्र म्हणतात.

बांचे माहेर नवसारीचे. लहानपणी शेजारच्या पारशी घरात म्हाताऱ्या बायकांना कुस्ती विणताना त्यांनी पाहिले होते. कुस्ती म्हणजे पारशी लोक कमरेला तीन वेढे देऊन बांधतात ती पवित्र दोरी. मेंढीच्या पांढऱ्या लोकरीचे बहात्तर धागे, कारण त्यांच्या यस्न या ग्रंथाचे अध्याय बहात्तर. लहानशा मागावर ती पोकळ नळीसारखी विणतात आणि मग उलटी करून आतली बाजू बाहेर काढतात. हे काम परंपरेने बायकांचे, विशेषतः धर्मगुरूंच्या घरांतल्या. आईने हे सगळे कान देऊन ऐकले. तिने स्वतः एकदा लक्ष वाती केल्या आहेत, त्यामुळे देवासाठी मोजणे म्हणजे काय ते तिला माहीत आहे.

मावशी मात्र काहीच मोजत नाही, हे माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी लक्षात आले. खांब चुकले, गोल पसरट न होता टोपीसारखे वर आले, तर ती टोक धरते आणि सर्रकन उसवून टाकते. तासाभराचे काम अर्ध्या मिनिटात गुंड्यावर परत. आईचा जीव खालीवर होत होता. "अगं, दोनच ओळी मागं जा की! सगळं कशाला?"

मावशी हसून म्हणाली, "उसवलं म्हणून कोण पैसे कापतंय?"

मुलगा तिला फोनवरून ऑर्डरी घ्यायला सांगतो. तोरणे चांगली होतात, चार पैसे मिळतील. त्यात त्याचे काही चुकत नाही, घर चालवणाऱ्याला असेच दिसते. मावशीचे उत्तर असे: "मोजूनच द्यायचं तर कटिंग काय वाईट होतं?" बाळंतविड्यात घालायला कुणी टोपडे मागितले तर देते, पण तारीख कबूल करत नाही.

विणकामाने मन शांत होते यावर आता अभ्यासही झाले आहेत. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी छापून आली. जास्त वेळा विणणे आणि शांत, आनंदी वाटणे यांचा संबंध त्यांच्या उत्तरांतून दिसला. आता विणणाऱ्यांनाच विचारल्यावर ते दुसरे काय सांगणार, असे माझे शिक्षकी मन म्हणते. शिवाय मावशीची शांतता विणण्यात जास्त की उसवण्यात, हे त्या पाहणीत कुणी विचारले नसावे.

चौथ्या दिवशी व्हायचे ते झाले. दारावरच्या तोरणाकडे आई रोज पाहत होती. पांढऱ्या खांबांमध्ये एक पट्टी मरून होती. "अक्का, हा रंग कुठला गं?"

मावशी गप्प. मग दोघी कन्नडमध्ये गेल्या. सुरतेत ही त्यांची खाजगी भाषा आहे, नातवंडांना मराठी आणि गुजराती येते, कन्नड नाही. "एल्ला बिच्चिदी?" आईने विचारले. सगळं उसवलंस?

सगळे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले, तेव्हा मावशी रांदेरला भाड्याच्या घरात होती. ट्रंक तीन दिवस चिखलाच्या पाण्यात. त्यातून स्वेटर निघाले, तीनदा धुतले, वास गेला पण आकार गेला. तरी तिने टाकले नाही. क्रोशा शिकल्यावर पहिली लोकर म्हणून तेच काढले. उसवलेला धागा नूडल्ससारखा वळ्यावळ्यांचा निघतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, ओली करून खाली वजन लटकवून वाळवायची, म्हणजे वळ्या जातात. ती हे समजावून सांगत होती आणि मला उधन्याचे कारखाने आठवत होते. तिथे नेमके उलटे चालते. सरळसोट पॉलिस्टरला पीळ देऊन, तापवून, थंड करून मुद्दाम वळ्या पाडतात, म्हणजे धागा मऊ आणि फुगीर होतो.

आई काही ऐकत नव्हती. तिने ते स्वेटर कंदिलाच्या उजेडात विणले होते, मला सहा महिन्यांची मांडीवर घेऊन, असे मी अनेकदा ऐकले आहे. "इर्ली बिडु," एवढेच म्हणाली. असू दे. आणि उठून आत गेली. त्या रात्री जेवताना दोघी माझ्याशीच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी कोजागरी, म्हणजे आपली सीगी हुण्णिमे, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरतेचा चांदनी पडवो. त्या रात्री सगळे शहर गच्चीवर किंवा रस्त्याकडेला बसून घारी खाते. घारी म्हणजे माव्याचे सारण भरलेला, तुपात बुडवलेला पदार्थ. एकीत पोट भरते, दोन खाल्ल्या तर रात्रभर पाणी पीत बसावे लागते. आम्ही चौथ्या मजल्याच्या गच्चीवर सतरंजी टाकली. मागांची धडधड खालून येतच होती.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "डाव्या बाहीत एक टाका सुटला होता. मी नुसता दोऱ्यानं बांधून दिला होता."

"सापडला की," मावशी म्हणाली. "पांढरा दोरा. तेव्हाच म्हटलं, घाई झालती तुला."

"तुझी गाडी सकाळची होती."

मावशीने आपल्या वाटीतली अर्धी घारी आईच्या वाटीत घातली. आईने ती नको म्हणत खाल्ली.

निघताना मावशीने मरूनचा उरलेला गुंडा आणि एक जाड अंकोडी आईच्या पिशवीत टाकली. बोटे आखडलेल्यांना बारीक सुईपेक्षा जाड मुठीची अंकोडी बरी पडते, हे बांचे मत. परतीच्या गाडीत पुणे मागे पडल्यावर आईने ती बाहेर काढली. खांब जमेनात, नुसती साखळी घालत बसली. ओंदु, एरडु, मूरु असे थोडा वेळ मोजले, मग मोजणे राहून गेले. मिरज येईपर्यंत साखळी दोन बर्थपलीकडे पोचेल एवढी लांब झाली होती. समोरच्या बाईंनी विचारले, काय करताय? आईने साखळीकडे पाहिले, टोक धरले आणि बेळगाव यायच्या आत सगळी उसवून पुन्हा गुंडा केला.