पक्की प्रत

आप्पांच्या वह्या मी रद्दीत घातल्या. २०१४ सालचा जून. तेरावं आटोपलं, पाहुणे पांगले, आई चार दिवस मावशीकडे गेली आणि मी सोलापूरच्या आमच्या रेल्वे लाइन्समधल्या घरातलं मागच्या खोलीचं कपाट उघडलं. खालपासून वरपर्यंत वह्याच वह्या. पाठकोरे कागद दाभणाने शिवून आप्पांनी स्वतः केलेल्या, प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर साल. एक उघडली, अक्षर लागेना. दुसरी उघडली, तीच गत. मला पुण्याला परतायची घाई होती. रद्दीवाल्याने पोत्यात भरताना एका वहीचा दोरा तुटला आणि पानं अंगणभर झाली. ती मीच वाकून गोळा केली आणि त्याच्या हातात दिली. सव्वाचारशे रुपये आले.

मनाची समजूत मी अशी घातली होती की, हे कागद लोकांच्या घरचे आहेत, ते आपण ठेवू नयेत. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय समजावा असं परिविक्षा कायद्याच्या कलम ७ मध्येच आहे, हे आप्पांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेलं. पण गोपनीयतेची एवढी काळजी असती तर मी त्या वह्या बंबात जाळल्या असत्या. भेळेचे पुडे बांधायला दिल्या नसत्या. मला कपाट रिकामं हवं होतं, एवढंच खरं.

आई परत आली. कपाट उघडलं, मिटलं. "वह्यापण दिल्यास?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिला त्या वह्यांचं काय पडलंय, असं मला वाटलं. तेही चुकलंच, पण ते पुढे येईल.

आप्पा एकतीस वर्षं परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर होते, १९९६ मध्ये निवृत्त झाले. हे पद फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून सांगते. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंगात घालण्यापेक्षा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडता येतं. मुंबई इलाख्यात यासाठी १९३८ मध्येच कायदा झाला होता, पुढे १९५८ मध्ये सगळ्या देशासाठी झाला. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं, देखरेख ठेवायची तर ती किमान एक वर्ष. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या तोडीचा नसेल, तर कोर्टाने आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि एवढं करूनही तुरुंगच द्यायचा ठरला तर त्याची कारणं लिहून ठेवायची. म्हणजे एका पोराचं पुढचं आयुष्य बऱ्याचदा आप्पांच्या चार पानांवर यायचं. त्याखेरीज रिमांड होममधली मुलं असायची. त्यांचीही घरं शोधायची, चौकशी करायची, लिहायचं.

गृहचौकशीला आप्पा सायकलवरून जायचे. साखर पेठ, अशोक चौक, कुचन नगर, लांबच्या गावी एसटीने. उत्पन्न किती, खोल्या किती, हे छापील रकाने ते भरायचेच, पण एक प्रश्न ते प्रत्येक घरात विचारायचे आणि त्याला कुठल्याच नमुन्यात रकाना नव्हता. "रात्री तुमच्यात सगळ्यांत शेवटी कोण झोपतं?" एखादी विड्या वळणारी बाई म्हणायची, हजार पुरे झाल्याशिवाय मी कुठली झोपते, आणि हे पोरगं आल्याशिवाय दाराला कडी कुठली घालते. त्या घरी मुलाला खुशाल पाठवावं, असं आप्पांचं मत होई. पोरासाठी जागं राहणारं माणूस त्यांना सापडलेलं असे.

सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, कुंपण गेलं, पण पत्त्यातला शब्द राहिला. आप्पा म्हणायचे, वाचणाऱ्याची नजर त्या शब्दावर गेली की पुढचं वाचायचं राहून जातं. म्हणून तिथल्या मुलाच्या अहवालात ते पत्त्याची ओळ अगदी शेवटी घालत. यातलं मोठेपण मला आता कळतं. तेव्हा मी हे सगळं एका कानाने ऐकायची आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगायची.

आणि आमच्या घरी सगळ्यांत शेवटी आई झोपायची. अकरा, साडेअकरा, स्वयंपाकघरातला दिवा चालू. का, ते मी कधी विचारलं नाही. सकाळची तयारी करत असेल असं धरून चालले.

मला आप्पांच्या कामाची लाज वाटायची. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा चोरांचे साहेब ना? माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाकडून विचारणा झाली, की वडील या वयात अजून प्रोबेशनवर कसे, नोकरी कायम नाही का. तेव्हापासून मी सरळ "समाजकल्याण खात्यात अधिकारी आहेत" असं सांगू लागले. सासरच्या बैठकीतही तेच सांगितलं, आप्पा शेजारी बसलेले असताना. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मान हलवली. ते खोटं नव्हतंच म्हणा. पण ज्या नावाखाली त्यांनी आयुष्य घातलं, ते मी त्यांच्यासमोर झाकलं.

खरं सांगायचं ते याच्या आधीचं, १९८६ च्या फेब्रुवारीतलं. माझी बारावीची परीक्षा दहा-बारा दिवसांवर. आमच्या घरी संध्याकाळनंतर सारखं कोणी ना कोणी यायचं. कुणाची आई रडत, कुणाचा बाप दारूच्या वासासकट, बंधपत्रावर सुटलेली पोरं तर नेहमीचीच. त्यांनी हजेरीला ऑफिसात यावं असा नियम, पण अडचण आली की ती घरी येत आणि आप्पा कधी कुणाला परत पाठवत नसत. मला त्या बेलचा राग यायला लागला होता.

त्या रात्री साडेआठच्या सुमाराला बेल वाजली. आई शेजारी गेली होती, आप्पा मागे न्हाणीघरात. मी दार उघडलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, ओळखीचा. यंत्रमागाच्या कारखान्यातून सुताचे कोन चोरल्याबद्दल पकडला गेला होता, आप्पांच्या अहवालावर सुटला होता आणि त्यांनीच खटपट करून त्याला आयटीआयला वायरमनला घातलं होतं. त्याच्या हातात सुतळीने बांधलेलं एक गाठोडं होतं. ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणण्याची सोय मला नाही, कारण त्या सुतळीची गाठ अजून डोळ्यांसमोर आहे.

"ताई, साहेब हायत का?"

"नाहीत."

आतून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज येत होता. त्यालाही येत असणार.

"कवा येतील?"

"माहीत नाही. उद्या ऑफिसात भेट."

तो थोडा थांबला. "बरं," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. मी कडी घातली आणि फिजिक्सचं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला नाही. सावत्र बापाने त्याला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं होतं, हे आप्पांना त्याच्या आईकडून कळलं. ती रात्र त्याने स्टेशनवर काढली आणि पहाटे मुंबईची गाडी धरली. बंधपत्रावर असलेल्या मुलाने न सांगता जिल्हा सोडला, म्हणजे शर्त मोडली. कोर्टाला कळवणं आप्पांना भाग होतं. अडीच महिन्यांनी तो सापडला. अशा वेळी कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, किंवा पहिलीच वेळ असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र पुढे चालू ठेवतं. त्याला दंडावर सोडलं. पण आयटीआयच्या हजेरीपटावरून त्याचं नाव गेलं ते गेलं. पुढे तो सुताच्या पेढीवर हमाली करताना मला एकदा दिसला. मी रस्त्याची बाजू बदलली.

त्या उन्हाळ्यात आप्पा फार गप्प असायचे. मी त्यांना काही सांगितलं नाही. निकाल लागला, पेढे वाटले, कॉलेजसाठी पुण्याला गेले, तरी सांगितलं नाही. नंतरची अठ्ठावीस वर्षं दर दिवाळीला त्यांच्यासमोर बसून फराळ केला आणि सांगितलं नाही. "अभ्यासाचं दडपण होतं" हे वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं, कुणी विचारलं तर द्यायला. विचारलं कुणीच नाही.

आप्पा गेल्यानंतरच्या वर्षी, २०१५ च्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मी सोलापूरला होते. दुपारी एक गृहस्थ आले. पंचेचाळिशीचे, नीटनेटके, नाशिककडे कारखान्यात नोकरी. सहा-सात वर्षांचे असताना ते सोलापूर स्टेशनवर एकटे सापडले होते. काही महिने इथल्या रिमांड होममध्ये होते, मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत गेले. तिथे त्या काळातली कागदपत्रं आता राहिली नव्हती. "साहेब मला सायकलच्या दांडीवर बसवून, एसटीत बसवून गावोगाव घेऊन फिरले," ते म्हणाले. "माझं गाव शोधत. मी सांगायचो, आमच्या घरासमोर आड आहे. जिथे आड दिसेल तिथे उतरायचो. सगळं ते एका वहीत लिहायचे. ती वही असेल का?"

कोरड्या तोंडाने मी सांगितलं की वह्या राहिल्या नाहीत. कुणी दिल्या, कशा दिल्या, ते तेव्हाही सांगितलं नाही. ते "असू द्या, असू द्या" म्हणत उठायला लागले.

तेवढ्यात आई पाणी घेऊन बाहेर आली. एकाहत्तर वर्षांची, गुडघे धरलेले. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "उजव्या कानामागं भाजल्याचा डाग आहे का?"

त्यांनी मान वळवून कान दुमडून दाखवला.

आई खाली बसली आणि सांगू लागली. आड मिळाला होता. चौथ्या खेपेला, अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेजवळ. घर मिळालं होतं, पण त्याला कुलूप होतं. आई बाळंतपणात गेलेली, बाप पोराला घेऊन कामाला बाहेर पडलेला, स्टेशनच्या गर्दीत चुकामूक झाली आणि तोही परत गावाकडे आला नव्हता. शेजारणीने आईचं नाव सांगितलं होतं, माहेरचं गाव सांगितलं होतं. ती नावं मी इथे लिहीत नाही. आईने ती एका दमात सांगितली. एक मामा होता, तो मिरजेला असतो म्हणत होते, त्याला दोन पत्रं घातली, उत्तर आलं नाही.

"आईचं नाव परत एकदा म्हणा," ते म्हणाले. आईने म्हटलं. त्यांनी ते मोबाइलमध्ये लिहिलं नाही. खिशातून एसटीचं तिकीट काढलं, त्याच्या मागे लिहिलं, आणि बरोबर आहे का म्हणून तिच्यासमोर धरलं. एक काना राहिला होता. आईने त्यांच्या हातातलं पेन घेऊन तो दिला.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, की तुला हे एवढं कसं आठवतं.

"उतरवून काढलंय ना मी. एकदा लिहिलेलं विसरत नाही."

आप्पांचं अक्षर कुणालाच लागत नसे. ऑफिसात टंकलेखक एक आणि त्याच्याकडे कामाचा ढीग. कोर्टाच्या तारखा तर थांबत नाहीत. म्हणून रात्री जेवणं झाली की आप्पा कच्चं वाचून दाखवत आणि आई पक्की प्रत काढी. म्हणजे गोपनीय अहवाल आप्पा घरी वाचत होते आणि ते नियमात बसत नव्हतं, हेही लिहायला हवं. पण त्या कागदांतलं एक अक्षर आईच्या तोंडून शेजारीपाजारी तर सोडाच, मलाही कधी कळलं नाही. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई, जिला मी वर्तमानपत्रातली बातमी सोपी करून सांगायची, ती वर्षानुवर्षं कोर्टात जाणारे कागद लिहीत होती. मी ज्या घरात वाढले त्या घरात रात्री सगळ्यांत शेवटी कोण झोपतं आणि का, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं.

त्या रात्री मी तिच्या शेजारी अंथरूण घातलं. दिवा मालवल्यावर म्हटलं, "आई, तो कोन चोरलेला मुलगा आठवतो? आयटीआयचा?"

"आठवतो की." तिने त्याचं नाव सांगितलं. थोडं थांबून म्हणाली, "तूच दार लावलं होतंस ना."

माझ्याने बोलवेना. मग विचारलं, "आप्पांना ठाऊक होतं?"

"न्हाणीघरातून सगळं ऐकू येतं. अंग कोरडं करून बाहेर येईपर्यंत पोरगं दिसेना. सायकल काढून निघाले, तू वाचत होतीस. घराकडं गेला असेल म्हणून अशोक चौकापर्यंत जाऊन आले. आणि पोरगं इथं स्टेशनवर, हाकेच्या अंतरावर."

"मला बोलले का नाहीत?"

"तुझी परीक्षा होती."

"आणि परीक्षेनंतर?"

त्याचं उत्तर तिने दिलं नाही. कुशीवर वळली. मला वाटलं झोप लागली. मग अंधारातच बोलली.

"कोर्टाच्या अहवालात त्यांनी एक ओळ घातली होती. 'सदर मुलगा त्या रात्री निवासस्थानी आला असता, परिविक्षा अधिकारी घरी असूनही भेट होऊ शकली नाही.' मी म्हटलं, हे कशाला लिहिता, उगाच तुमच्यावर येईल. तर म्हणाले, ते पोरगं तसंच पळालं नाही, ते आधी माझ्या दारात आलं होतं, हे कोर्टाला कळायला नको का? जसं आहे तसं उतरव."

"मग?"

"मग काय. उतरवलं."