चाड्यावरची मूठ आणि शाळेची जुनी खोली



आज जरा आपल्या घरातल्या माळ्यावर नजर टाका, किंवा गोठ्यामागच्या आडोशाला डोकावून या. पाभरीचे चाडे, मोडक्या कुळवाची पास, बैलांच्या शिवळा, धान्य मोजायची पायली, लाकडी काठवट, यांतले काही ना काही नक्की सापडेल. भंगारवाला दारात आला की लोखंड किलोवर जाते आणि लाकूड चुलीत जाते. जागा मोकळी होते, चार पैसे हाती येतात. यात कुणाचे काही चुकते असे मी म्हणत नाही. ट्रॅक्टरच्या जमान्यात पाभर सांभाळायची कुणी आणि कशाला? पण ती वस्तू जाताना आणखी काय काय घेऊन जाते, त्याचा हिशोब आपण मांडत नाही. तो आज मांडू.

मी शेतीचा पदवीधर. विस्तार अधिकारी म्हणून माझी उभी नोकरी बांधावर गेली. कामानिमित्त वडगाव रासाईला जाणे होते. भीमेच्या काठचे गाव, नदी ओलांडली की दौंड तालुका. आता शिवारात जिकडे तिकडे ऊस. तिथल्या एका वस्तीवर बैठकीसाठी मंडळी जमली होती. ओसरीच्या कोपऱ्यात एक जुने चाडे पडलेले दिसले. मी ते उचलून शाळकरी पोरांना विचारले, "हे काय आहे, सांगा पाहू?" एक म्हणाला, तेल ओतायचे नरसाळे. दुसरा म्हणाला, देवळातला दिवा. सगळे हसले.

तेवढ्यात घरातल्या आजी पुढे आल्या. माझ्या हातातून त्यांनी चाडे घेतले आणि म्हणाल्या, "सायेब, ह्याच्यावर मूठ धरायची म्हंजी पोटचं पोर सांभाळल्यागत. बोट ढिलं पडलं की बी जास्ती, आखडलं की तास मोकळा." मग त्यांनी मूठभर ज्वारी मागवली आणि चालत चालत पेरून दाखवली. पाहणारे गप्प झाले. सगळ्या नळ्यांत सारखे बी पडावे म्हणून अंगठा आणि बोटे कशी हलतात, बैल वळताना मूठ कशी थांबते, ओल कमी असेल तर काय करायचे, हे सारे त्या हातात होते. आम्ही पुस्तकात 'हेक्टरी रोपांची संख्या' शिकलो. त्या माउलीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, पण ती संख्या तिच्या बोटांत होती.

मंडळी, चाडे उद्या सुतार पुन्हा करून देईल. तो हात कोण करून देणार?

आता याच शिरूर तालुक्यातली दुसरी गोष्ट ऐका. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. जमिनीखाली निघाले ते शेतकऱ्यांचे गाव, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. राजवाडा नाही, किल्ला नाही. कुडाच्या भिंतींची घरे, चुली, रांजण, पाटे-वरवंटे. घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरलेली लहान लेकरे. ज्या आईने आपले मूल घराबाहेर नेऊ दिले नाही, तिचे नाव आपल्याला कधी कळणार नाही, पण तिचे मन कळते.

ते लोक काय पिकवत होते, हे कशावरून कळले? जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून. जव हे त्यांचे मुख्य धान्य होते. गहू, मसूर, वाटाणा, कुळीथही होता. नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी सुमारे चार मीटर रुंदीचा चर खोदला होता. यंत्र नाही, लोखंडाची पहार नाही आणि एवढे काम! एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे, गाव एक झाल्याशिवाय ते होत नाही. एका रांजणावर कुणीतरी बैलगाडीचे चित्र कोरून ठेवले आहे. पुण्याला येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजचे संग्रहालय आहे. इनामगावची मडकी तिथे पाहताना माझ्या मनात आले, की ही परक्याची चीज नव्हे. ही आपल्याच शिवारातली, आपल्याच धंद्यातली माणसे.

पण त्या गावाचा शेवट ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटत गेले असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. मोठी चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती मागे पडली. शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर पोट भरू लागले. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठले. आज उसाला पाणी देताना आणि बोअर आणखी खोल नेताना ही हकीकत आठवावी. त्या लोकांना लिहिता येत नव्हते. पाणी कसे कमी झाले, कोणत्या वर्षी कोणते बी तगले, हे त्यांनी पुढच्यांना सांगितले असेल, पण सांगणारे गेले आणि सांगणेही गेले. आपल्याला लिहिता येते. मग आपल्या गावच्या विहिरींना आजोबांच्या काळी किती परसांवर पाणी होते, हे कोणत्या वहीत लिहिलेले आहे?

जपानात याचा विचार फार आधी झाला. तिथे माणसे शहराकडे गेली, मुले कमी झाली, खेड्यांतल्या शाळा बंद पडल्या. पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांनी त्या रिकाम्या शाळा पाडल्या नाहीत. भात झोडायचे दातेरी फणे, वारा घालायची लाकडी यंत्रे, टोपल्या, विणकामाचे माग घराघरांतून आणून वर्गखोल्यांत मांडले. १९७० पासून तिथल्या सरकारने अशा स्थानिक संग्रहालयांच्या इमारतींना अनुदानही दिले. मात्सुमोतो शहरातली काइची शाळा १८७६ साली बांधलेली. १९६३ पर्यंत तिथे मुले शिकली, १९६५ पासून तिथे शिक्षणाचे संग्रहालय आहे आणि २०१९ साली त्या इमारतीला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. तिचा पाया घातला गेला तो गावच्या पोरांना लिहायला-वाचायला यावे एवढ्यासाठी.

तुम्ही म्हणाल, जपान श्रीमंत देश, आपल्याला हे कसे जमणार? तर आपल्याकडचीच माणसे पाहा. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे प्राचीन काळचे व्यापाराचे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जिवापाड जपल्या आणि त्यांतून उभे राहिलेले संग्रहालय आज शासन चालवते. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६-१९९०) काही संस्थानिक नव्हते. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, घरगुती भांडी गोळा केली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. कोल्हापूरजवळ कणेरीला सिद्धगिरी मठावर जुने ग्रामजीवन पुतळ्यांतून उभे केले आहे. सहल काढाल तेव्हा मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या. मुले पाहतील, म्हातारी माणसे सांगतील.

आता आपल्या गावात काय करता येईल ते सांगतो.

नवी इमारत झाल्यावर रिकामी पडलेली शाळेची जुनी खोली बऱ्याच गावांत असते. ती मजबूत आहे की नाही, हे आधी अभियंत्याकडून पाहून घ्या. धोक्याची असेल तर हट्ट करू नका. ग्रामपंचायतीची किंवा वाचनालयाची एक भिंतसुद्धा पुरते. खोली चांगली असेल तर ग्रामसभेत ठराव करा आणि जिल्हा परिषदेची परवानगी घ्या. वस्तू बक्षीस मागू नका, ठेव म्हणून मागा. ज्याची त्याला केव्हाही परत मिळेल, असे लिहून द्या. माणसे विश्वासाने देतात.

प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी हवी. वस्तूचे गावातले नाव, ती कुणाच्या घरची, कुणी घडवली, कशी वापरायची. नाव गावातलेच लिहा. मोटेचा नाडा वेगळा आणि सोंदूर वेगळा, हे पुढच्या पिढीला कळले पाहिजे. लाकडाला रंग फासू नका. धूळ झटकून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि जमिनीपासून वर, विटांवर ठेवा, म्हणजे वाळवी सहजी लागणार नाही. चामड्याची मोट असेल तर उन्हात टाकू नका.

नांगरताना शेतात जुनी नाणी, मूर्ती असे काही निघाले तर आणखी उकरू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तहसील कचेरीत कळवा.

आणि वस्तूंच्या आधी माणसांकडे जा. वस्तू वर्षभर थांबेल, ऐंशीच्या घरातले माणूस थांबेलच असे नाही. घरोघरी मोबाईल आहे. आजी चाड्यावर मूठ धरतात ते मुलांना टिपायला सांगा. जुन्या बियांची नावे विचारा, कोणत्या दुष्काळात काय खाऊन दिवस काढले ते विचारा. शाळेच्या मुलांनी एक वही घालावी. तिच्यात गावच्या दहा विहिरींचे पाणी दर वर्षी जानेवारीत आणि मे महिन्यात मोजून मांडावे, पाऊस लिहावा. पाच वर्षांनी ती वही तुम्हाला ऊस किती एकर लावायचा ते सांगेल. माझ्या मते गावच्या संग्रहालयातली सर्वांत मोलाची वस्तू तीच ठरेल.

या दिवाळीच्या सुटीत पोरे घरी असतील. सुरुवात करायला एक दोनशे पानी वही, एक टेप आणि एक दोरी एवढेच लागते.